नूशेल अपडेट केलं की प्लगइन बंद का पडतात, आणि ते कायमचं मार्गी कसं लावायचं

नूशेल हे रस्ट भाषेत लिहिलेलं कमांड-लाइन शेल, आणि प्लगइन म्हणजे त्याला बाहेरून जोडायच्या जास्तीच्या कमांड. नूशेलची नवी आवृत्ती टाकली, टर्मिनल उघडलं, सगळं ठीक दिसतंय. मग प्लगइनमधली `जीस्टॅट` किंवा `क्वेरी वेब` कमांड चालवली की एरर येते: प्लगइन अमुक आवृत्तीसाठी कंपाइल झालेला आहे, सध्याच्या आवृत्तीशी जुळत नाही. प्लगइन पुन्हा टाकला की काम सुरू होतं, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच रडगाणं. काही जण प्लगइनच्या नोंदी ठेवणारी रजिस्ट्री फाइल उडवतात, काही जण नूशेलच काढून पुन्हा टाकतात. कधी जमतं, कधी नाही, आणि जमलं तरी नेमकं कशामुळे जमलं ते कळत नाही.

(कमांड आणि क्रेटची, म्हणजे रस्टच्या कोड-पॅकेजची, नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना नेहमीसारखी रोमनमध्येच करायची.)

गडबड नेमकी कुठे होते

नूशेलचा प्लगइन ही स्वतंत्र एक्झिक्युटेबल फाइल असते. तिचं नाव `नू_प्लगइन_` ने सुरू व्हावंच लागतं, नाहीतर `प्लगइन ॲड` ती स्वीकारतच नाही. शेल ही फाइल वेगळी प्रोसेस म्हणून चालवतं आणि दोघांत स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून किंवा लोकल सॉकेटवरून निरोपांची देवाणघेवाण होते. निरोप जेसनमध्ये असतात किंवा मेसेजपॅकमध्ये. डायनॅमिक लायब्ररी का नाही, हा प्रश्न नेहमी येतो. रस्टला स्थिर एबीआय (कंपाइल झालेले भाग एकमेकांना जोडायचे ठरलेले नियम) नाही, त्यामुळे एका कंपाइलरने बनवलेली लायब्ररी दुसऱ्याने बनवलेल्या शेलमध्ये भरवशाने जोडता येत नाही. वेगळी प्रोसेस ठेवल्यामुळे प्लगइन पायथनमध्येही लिहिता येतो, आणि तो कोसळला तरी शेल उभं राहतं.

पण प्रोसेस वेगळी असली तरी भाषा एकच हवी. निरोपात जी माहिती जाते (व्हॅल्यू, सिग्नेचर, पाइपलाइन डेटा, एरर) तिचे प्रकार `नू-प्रोटोकॉल` या क्रेटमधून येतात, आणि हा क्रेट आवृत्तीगणिक बदलतो. म्हणून दोन्ही बाजू सुरुवातीलाच `हॅलो` निरोप पाठवतात, ज्यात प्रोटोकॉलचं नाव, आवृत्ती आणि वैशिष्ट्यांची यादी असते. आवृत्ती जुळते का हे सेमव्हरच्या (आवृत्तीचे आकडे देण्याच्या पद्धतीच्या) नियमाने ठरतं. नूशेल अजून १.० च्या आधी असल्याने मधला आकडा बदलला की मोडतोड झाली असंच धरलं जातं. ०.९३.० साठी बनवलेला प्लगइन ०.९३.१ वर चालेल, ०.९४.० वर नाही. नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, त्यामुळे हा त्रास कुठल्या बगमुळे होत नाही. मांडणीच अशी आहे.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेल सुरू होताना प्लगइन चालवला जात नाही. प्लगइनमध्ये कोणत्या कमांड आहेत, त्यांना कोणते फ्लॅग लागतात, ही माहिती `प्लगइन ॲड` करताना एकदा विचारून रजिस्ट्री फाइलमध्ये साठवलेली असते (`प्लगइन.एमएसजीपॅकझेड`, म्हणजे ब्रॉटलीने दाबलेलं मेसेजपॅक). शेल सुरू होताना फक्त ती फाइल वाचतं. म्हणून टर्मिनल उघडताना सगळं शांत असतं, टॅब दाबल्यावर कमांडचं नाव येतं, हेल्पही दिसतं, आणि एरर येते ती पहिल्यांदा कमांड खरोखर चालवल्यावर.

थोडक्यात, जुनं राहू शकेल अशा जागा तीन: शेलची बायनरी (एक्झिक्युटेबल फाइल), प्लगइनची बायनरी आणि रजिस्ट्रीतली साठवलेली नोंद. कुठली जागा मागे राहिली ते आधी शोधायचं, मगच हात लावायचा.

तपासणी

पहिली कमांड `व्हर्जन`. तिच्यात शेलची आवृत्ती आणि `इन्स्टॉल्ड_प्लगइन्स` हे रकाने पाहायचे. दुसरी `प्लगइन लिस्ट`. या तक्त्यात नाव, आवृत्ती, स्टेटस, पीआयडी, फाइलनेम, कमांड अशी माहिती येते. बऱ्याचदा उत्तर स्टेटसच्या रकान्यातच असतं:

- `ॲडेड`: रजिस्ट्रीत नोंद आहे, चालू सत्रात अजून आणलेला नाही. `प्लगइन यूज` करा किंवा नवं शेल उघडा.
- `लोडेड`: दोन्हीकडे आहे, प्रोसेस मात्र सध्या चालू नाही. हे सामान्य आहे, काळजी करू नये.
- `रनिंग`: प्रोसेस चालू आहे, शेजारी पीआयडी दिसेल.
- `मॉडिफाइड`: रजिस्ट्रीतली नोंद आणि सत्रातली माहिती वेगवेगळी आहे. दुसऱ्या टर्मिनलमधून `प्लगइन ॲड` केलं की हे हमखास दिसतं.
- `रिमूव्ह्ड`: रजिस्ट्रीतून काढला, सत्रात अजून शिल्लक आहे.
- `इनव्हॅलिड`: नोंद वाचताच आली नाही. पुन्हा `प्लगइन ॲड` करण्यावाचून इलाज नाही.

मग आवृत्तीचा रकाना. तिथे दिसतो तो आकडा प्लगइनने स्वतःबद्दल सांगितलेला असतो. मुख्य प्रकल्पाबरोबर येणाऱ्या प्लगइनमध्ये (`इंक`, `जीस्टॅट`, `क्वेरी`, `फॉरमॅट्स`, `पोलर्स`) तो शेलच्या आकड्याशी जुळतो. बाहेरच्या लेखकांचे प्लगइन आपला स्वतंत्र आकडा वापरतात, त्यामुळे तिथे `०.३.०` दिसलं म्हणून तो जुना असं समजू नये. त्याच्या कार्गो फाइलमध्ये (कार्गो हे रस्टचं पॅकेज आणि बिल्डचं साधन) `नू-प्लगइन` पुढे कोणता आकडा आहे तोच खरा.

शेवटी फाइलनेमचा रकाना, जो कुणीच बघत नाही. पॅकेज मॅनेजर आवृत्तीनुसार वेगवेगळे फोल्डर ठेवत असेल आणि रजिस्ट्रीत त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता नोंदला गेला असेल, तर जुनी आवृत्ती साफ केल्यावर पत्ता हवेत लटकतो. मग आवृत्ती जुळत नाही ही एरर न येता सरळ फाइल सापडत नाही असं येतं. याच्या उलटही घडतं: जुना फोल्डर तसाच राहतो, नवा प्लगइन व्यवस्थित बसलेला असतो, आणि शेल मात्र जुनाच चालवत राहतं. तीनदा इन्स्टॉल करूनही तीच एरर येत असेल तर पहिला संशय इथे घ्यावा.

दुरुस्तीचा क्रम

१. `व्हर्जन` मधला आकडा टिपून घ्या. समजा ०.९३.० आहे.

२. प्लगइन नेमक्या त्याच आवृत्तीचा टाका: `कार्गो इन्स्टॉल नू_प्लगइन_क्वेरी --व्हर्जन ०.९३.० --लॉक्ड`. आकडा दिला नाही तर कार्गो सर्वांत ताजी आवृत्ती आणतं, आणि शेल लिनक्स वितरणाच्या पॅकेजमधून आलेलं असेल तर ते बऱ्याचदा मागे असतं. `--लॉक्ड` गाळू नये. तो नसेल तर इतर अवलंबनं नव्या आवृत्तीवर सरकतात आणि चांगलं चालणारं बिल्ड मधेच अडकतं. नूशेलच्या अधिकृत रिलीजची झिप किंवा टार फाइल वापरत असाल तर मुख्य प्लगइन त्यातच शेलशेजारी असतात. वेगळं काही आणायची गरज नाही.

३. नवी फाइल कुठे बसली ते पाहून पूर्ण पत्त्यासकट `प्लगइन ॲड` करा. आधी `प्लगइन आरएम` करायची गरज नसते, पत्ता बदलला असला तरी त्याच नावाची नोंद नव्याने लिहिली जाते.

४. त्याच सत्रात हवा असेल तर `प्लगइन यूज क्वेरी`, नाहीतर शेल बंद करून पुन्हा उघडा.

५. `प्लगइन लिस्ट` पुन्हा चालवा. स्टेटस `लोडेड` हवं. मग कमांड एकदा चालवून बघा, कारण आवृत्तीची खरी परीक्षा चालवल्यावरच होते.

पाच-सहा प्लगइन असतील तर `प्लगइन लिस्ट` चं आउटपुट `ईच` ला देऊन प्रत्येक ओळीतल्या फाइलनेमवर `प्लगइन ॲड` करता येतं. आतली कमांड `ट्राय` मध्ये ठेवा, नाहीतर पहिल्याच बिघडलेल्या प्लगइनपाशी सगळं थांबेल.

जुन्या ट्यूटोरियलमध्ये `रजिस्टर` कमांड आणि `प्लगइन.नू` फाइल दिसेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ०.९३ पासून त्यांची जागा `प्लगइन ॲड`, `प्लगइन यूज` आणि नव्या रजिस्ट्री फाइलने घेतली. कॉन्फिगमध्ये जुन्या `रजिस्टर` ओळी उरल्या असतील तर काढून टाका.

स्क्रिप्टमध्ये `ॲड` नंतर लगेच `यूज` चालत नाही

ही तक्रार वेगळी वाटते, पण मूळ तेच. नूशेल स्क्रिप्ट आधी पूर्ण पार्स करतं, म्हणजे वाचून तिचा अर्थ लावतं, आणि मग चालवतं. `प्लगइन यूज` हा पार्सरचा कीवर्ड आहे: पार्स होत असतानाच तो रजिस्ट्रीत नोंद शोधतो. त्याच स्क्रिप्टमध्ये वरच्या ओळीत `प्लगइन ॲड` असली तरी पार्सिंगच्या वेळी ती चाललेलीच नसते, म्हणून नोंद सापडत नाही. `यूज` ला दिलेलं नावही पार्सिंगच्या वेळी माहीत असलेलं, म्हणजे स्थिर असावं लागतं. `ॲड` मात्र साधी कमांड आहे, तिला व्हेरिएबल चालतं. वरचा `ईच` चा उपाय म्हणूनच `ॲड` सोबत चालतो, `यूज` सोबत नाही.

प्रॉम्प्टवर दोन वेगळ्या ओळी टाइप केल्या तर अडचण येत नाही, कारण प्रत्येक ओळ स्वतंत्र पार्स होते. स्क्रिप्टसाठी दोन वाटा आहेत. एकतर रजिस्ट्री फाइल आधी तयार करून `नू --प्लगइन-कॉन्फिग` ने ती द्यायची. नाहीतर `नू --प्लगइन्स` ला प्लगइनच्या पत्त्यांची यादी द्यायची, मग रजिस्ट्रीचा संबंधच येत नाही. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-चाचण्यांत) दुसरी वाट बरी, सोबत `-एन` लावलं की वापरकर्त्याचं कॉन्फिगही मधे येत नाही.

प्लगइन स्वतः लिहीत असाल तर

कोड बदलला, बिल्ड झालं, कमांड चालवली, तरी जुनंच उत्तर येतं. याचं कारण ०.९२ पासून आलेली सोय. प्लगइनची प्रोसेस एका कमांडनंतर मरत नाही, मागे चालू राहते आणि १० सेकंद काम मिळालं नाही तरच थांबते. लिनक्सवर कार्गो नवी फाइल लिहितं, पण आधीच चालू असलेली प्रोसेस जुन्याच कोडवर चालत राहते. तुम्ही घाईने पुन्हा पुन्हा कमांड चालवता तेव्हा दर वेळी ते १० सेकंद नव्याने मोजले जातात, म्हणजे जितकी जास्त घाई तितका जुना कोड जास्त वेळ जिवंत. विंडोजवर हेच वेगळ्या रूपात दिसतं: प्रोसेस चालू असल्याने फाइल अडकलेली असते आणि बिल्डच `ॲक्सेस नाकारला` म्हणून पडतं.

क्रम असा ठेवा: `प्लगइन स्टॉप`, मग बिल्ड, मग `प्लगइन ॲड`, मग `प्लगइन यूज`. फ्लॅग किंवा इनपुटचा प्रकार बदलला नसेल, फक्त आतलं लॉजिक बदललं असेल, तर `ॲड` आणि `यूज` गाळता येतात. सिग्नेचर (म्हणजे हेच फ्लॅग आणि प्रकार) बदललं असेल तर गाळू नका, कारण शेल अजून जुनी नोंदच प्रमाण मानतं आणि नवा फ्लॅग ओळखत नाही. रोजच्या विकासासाठी कॉन्फिगमधल्या `प्लगइन_जीसी` मध्ये आपल्या प्लगइनसाठी `स्टॉप_आफ्टर` शून्य सेकंद केलं की स्टॉपची कटकट जाते.

`पोलर्स` बाबतीत जरा जपून. डेटाफ्रेम (डेटाचे तक्ते) त्याच्या प्रोसेसच्या मेमरीत असतात, म्हणून डेटा शिल्लक असेपर्यंत तो आपणहून बंद होणं रोखून धरतो. तुम्ही `प्लगइन स्टॉप पोलर्स` केलं की तो सगळा डेटा गेला.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे डीबगसाठी टाकलेलं `प्रिंटएलएन`. स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर बोलणाऱ्या प्लगइनसाठी स्टँडर्ड आउटपुट ही निरोपांची नळी आहे. त्यावर सगळ्यात आधी एक लांबीचा बाइट जातो आणि मग `जेसन` (४ अक्षरं) किंवा `एमएसजीपॅक` (७ अक्षरं) हे नाव, त्यानंतर `हॅलो`. मधे तुमचं एक वाक्य घुसलं की शेलला ते निरोप म्हणून वाचता येत नाही आणि डीकोड झालं नाही अशी एरर येते. छापायचं ते स्टँडर्ड एररवर, म्हणजे `ईप्रिंटएलएन` ने. पायथनमध्ये लिहीत असाल तर प्रत्येक निरोपानंतर फ्लश करा, नाहीतर निरोप बफरमध्येच पडून राहतो आणि शेल वाट बघत बसतं.

तिसरी एरर रस्टची: अपेक्षित `व्हॅल्यू`, मिळालं `व्हॅल्यू`. वाचून डोकं फिरतं. अर्थ एवढाच, की `नू-प्रोटोकॉल` च्या दोन आवृत्त्या बिल्डमध्ये आल्या आहेत आणि रस्टच्या लेखी ते दोन वेगळे प्रकार आहेत. `कार्गो ट्री --डुप्लिकेट्स` चालवा, दुसरी आवृत्ती कोण आणतंय ते दिसेल. बहुतेक वेळा `नू-प्लगइन` पुढे नेलेलं असतं आणि `नू-प्रोटोकॉल` मागे राहिलेलं असतं. दोघांचा आकडा एकच हवा, आणि `नू-प्रोटोकॉल` वर `प्लगइन` हे फीचर चालू हवं.

मांडणी अशी ठेवली तर दर अपडेटला काम कमी

नूशेलचा स्वतःचा कोड याच विचाराने विभागला आहे. तळाला `नू-प्रोटोकॉल`. त्याच्यावर `नू-पार्सर` आणि `नू-इंजिन`. भाषेच्या मूळ कमांड (`इफ`, `लेट`, `डेफ` वगैरे) `नू-सीएमडी-लँग` मध्ये, बाकीच्या नेहमीच्या कमांड `नू-कमांड` मध्ये, प्रॉम्प्टचं काम `नू-सीएलआय` मध्ये. सोबत `नू-जेसन`, `नू-पाथ`, `नू-टेबल` असे मदतनीस क्रेट. ०.९३ मध्ये प्लगइनचा क्रेटही फोडला गेला: लेखकांसाठी `नू-प्लगइन`, शेलच्या बाजूसाठी `नू-प्लगइन-इंजिन`, निरोपांच्या व्याख्या `नू-प्लगइन-प्रोटोकॉल` मध्ये आणि दोघांना लागणारं `नू-प्लगइन-कोअर` मध्ये. तुमच्या प्लगइनच्या मुख्य अवलंबनांत `नू-प्लगइन-इंजिन` किंवा `नू-कमांड` दिसत असेल तर काहीतरी चुकीच्या दिशेने गेलंय. ते क्रेट शेलच्या बाजूचे आहेत.

गाभ्यात काय आणि प्लगइनमध्ये काय, ही रेघ नूशेलमध्येही दोन्ही बाजूंना सरकली आहे. २०१९ मध्ये प्रकल्प जाहीर झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात `पीएस` आणि `सिस` हे प्लगइन होते. पुढे त्या रोजच्या कमांड गाभ्यात आल्या. डेटाफ्रेमचं उलट झालं. पोलर्स लायब्ररीचं ओझं गाभ्यात कंपाइल होत होतं, ते २०२४ मध्ये क्रेटमधून काढून प्लगइनमध्ये नेलं. कसोटी साधी आहे: रोज सगळ्यांना लागतं ते आत, जड अवलंबन घेऊन येतं आणि थोड्यांनाच लागतं ते बाहेर.

आपल्या प्लगइनला हीच शिस्त लावायची. एकाच वर्कस्पेसमध्ये (एकत्र सांभाळायच्या क्रेटच्या गटात) दोन क्रेट करा. पहिला लायब्ररी: खरं काम त्यात, आणि त्याच्या कार्गो फाइलमध्ये `नू-` ने सुरू होणारं एकही अवलंबन नको. त्याचे फंक्शन साधे रस्टचे प्रकार घेतात आणि देतात. दुसरा `नू_प्लगइन_` वाला बायनरी क्रेट: `व्हॅल्यू` उलगडून पहिल्याला द्यायची, उत्तर पुन्हा `व्हॅल्यू` मध्ये गुंडाळायचं, एररला स्पॅन (कोडमधली नेमकी जागा) चिकटवायचा, एवढंच. `नू-प्लगइन` आणि `नू-प्रोटोकॉल` चे आकडे मुळातल्या कार्गो फाइलच्या `वर्कस्पेस.डिपेंडन्सीज` मध्ये एकदाच लिहायचे आणि क्रेटमध्ये `वर्कस्पेस = ट्रू`. नवी आवृत्ती आली की आकडे एका फाइलमध्ये बदलतात आणि मोडलंच तर फक्त पातळ क्रेट मोडतो.

सगळं एकाच फाइलमध्ये असेल तर `शेलएरर` चा एक प्रकार बदलला की तो शंभर ठिकाणी सापडतो, आणि तेव्हा लेखक प्लगइन सोडून देतात.

लायब्ररीला पातळ क्रेटमधला एखादा प्रकार हवासा वाटू लागेल आणि कार्गो चक्राकार अवलंबनाची एरर देईल. तो प्रकार लायब्ररीत खाली ढकला. फीचर फ्लॅग लावून चक्र लपवायचा प्रयत्न करू नये, कार्गो ते मान्य करत नाही.

चाचणीसाठी `नू-प्लगइन-टेस्ट-सपोर्ट`, तेही त्याच आकड्याचं आणि फक्त `डेव्ह-डिपेंडन्सीज` मध्ये. तो पार्सर, इंजिन असं बरंच काही ओढून आणतो, त्यामुळे मुख्य यादीत टाकला तर बिल्ड उगाच फुगतं. कमांडच्या हेल्पमध्ये दिलेली उदाहरणं तो चालवून बघतो, म्हणजे हेल्प आणि कोड यांची फारकत झाली तर लगेच कळतं.

नूशेलच्याच कोडवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: रिपॉझिटरीच्या मुळात नुसतं `कार्गो बिल्ड` केलं तर फक्त `नू` बनतं, प्लगइन मागच्या वेळचेच राहतात. `नू-प्रोटोकॉल` ला हात लावला असेल तर `कार्गो बिल्ड --वर्कस्पेस`. हॅलो निरोपातला आकडा तेव्हा दोन्हीकडे एकच असतो, त्यामुळे आवृत्तीची एरर येतच नाही. प्रकारांची रचना मात्र बदललेली असते, आणि मग येतात त्या डीकोडच्या चित्रविचित्र एरर, ज्या कुठल्याच शोधात सापडत नाहीत.